पाच पावत्या : समाजवादी पक्षाचा उदय आणि विलीनीकरण

(खडवली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, त्यांच्या घराच्या ओटीवर बसून, समोर कंदील ठेवून, चार वडीलधाऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम मी लहानपणी केले आहे. वाचताना एखादा जोडाक्षरी शब्द अडला म्हणजे मास्तर तो सांगत नसत, मला पुन्हा वाचायला लावत. आज त्यांच्याच गावी त्यांच्या नावाने बोलण्यास उभा राहताना तीच सवय मनाशी धरून मी आलो आहे. आपल्या देशाच्या राजकारणातील एक शब्द अनेकांना अडतो आणि पुष्कळजण तो न अडल्यासारखे दाखवून पुढे जातात. तो शब्द म्हणजे ‘विलीनीकरण’. तो आज आपण पुन्हा एकदा सावकाश वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

मास्तरांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी एक पत्र्याची पेटी माझ्या स्वाधीन केली. तिच्यात कात्रणे होती, पत्रे होती, सेवादलाच्या शिबिरांच्या हजेरीची दोन-तीन पुस्तके होती, आणि गंजलेल्या टाचणीने एकत्र टोचून ठेवलेल्या, एकाच माणसाच्या नावच्या पाच सभासद-पावत्या होत्या. पहिली समाजवादी पक्षाची, दुसरी प्रजा समाजवादी पक्षाची, तिसरी संयुक्त समाजवादी पक्षाची, चौथी पुन्हा समाजवादी पक्षाची आणि पाचवी जनता पक्षाची. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले नाव पाचही पावत्यांवर तेच, गाव तेच, अक्षराचे वळणही तेच. बदलले होते ते फक्त वरचे छापील नाव. ज्याने आयुष्यात कधी पक्षांतर केले नाही, अशा माणसाच्या पेटीत पाच पक्षांच्या पावत्या का निघाव्यात, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि आजच्या व्याख्यानाचा तोच विषय आहे. त्या पेटीत आणखी एक वस्तू होती. तिच्याविषयी शेवटी सांगेन.

समाजवादी पक्षाचा जन्म तुरुंगात झाला. १९३२ ते १९३४ या सविनय कायदेभंगाच्या काळात नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात जी तरुण मंडळी स्थानबद्ध होती, त्यांत जयप्रकाश नारायण होते, अच्युतराव पटवर्धन होते, अशोक मेहता आणि मिनू मसानी होते, आणि आपल्या पुण्याचे एस. एम. जोशी व नानासाहेब गोरे होते. परक्यांचे राज्य जाऊन स्वकीयांचे आले, पण कुळाच्या डोक्यावरचा सावकार आणि गिरणीच्या दारावरचा जॉबर जर तसाच राहिला, तर त्या स्वराज्याचा अर्थ काय, हा प्रश्न ते एकमेकांना विचारत होते. काँग्रेसमध्ये राहूनच काँग्रेसला शेतकरी-कामगारांच्या बाजूने वळवावे, या निश्चयाने मे १९३४ मध्ये पाटण्यास आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली या विचाराच्या मंडळींची पहिली परिषद भरली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईस काँग्रेस समाजवादी पक्षाची रीतसर स्थापना झाली.

१९४२ च्या आंदोलनात वडील नेतृत्व एका रात्रीत गजाआड गेल्यावर भूमिगत चळवळीचा भार ज्यांनी उचलला त्यांत हे समाजवादी आघाडीवर होते. आपल्या ठाणे जिल्ह्याला त्या दिवसांची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात जो देह ठेवला, त्याचे स्मरण आजही या भागात दर वर्षी होते. भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता, तेव्हा त्या तरुणांच्या खिशात कोणत्या पक्षाची पावती आहे हे कोणी विचारले नव्हते. ज्या कातकऱ्याने त्यांना भाकरी दिली त्यानेही विचारले नसेल. पण या जिल्ह्यात समाजवाद हा शब्द जेव्हा पुढे आला, तेव्हा त्याच्या मागे ही पुण्याई उभी होती. दत्ताजी ताम्हाणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती पुण्याई ठाणे जिल्ह्यात दीर्घकाळ जतन केली.

१९४८ च्या प्रारंभी काँग्रेसने आपल्या घटनेत बदल करून अंतर्गत पक्षांना मज्जाव केला, तेव्हा मार्चमध्ये, पुन्हा नाशिकासच, समाजवाद्यांनी परिषद घेऊन काँग्रेस सोडण्याचा निर्णय केला. ज्या गावच्या तुरुंगात पक्षाची कल्पना जन्मली, त्याच गावी तो वेगळा निघाला. सत्ता हाती आलेल्या घरातून काही मोठी माणसे रिकाम्या हातांनी बाहेर पडली, हे दृश्य आजच्या पिढीला कदाचित नवल वाटेल; त्या वेळी ते नवल नव्हते, ती निष्ठा होती.

पक्ष लहान होता, पण त्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या संस्था लहान नव्हत्या. एस. एम. जोशी यांनी १९४१ मध्ये नव्याने उभारलेले राष्ट्र सेवा दल खेड्याखेड्यांतील पोरांना जातीचा विचार न करता एका रांगेत उभे करत होते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून प्राण पणाला लावले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्याच वर्षीच्या अखेरीस हिंद मजदूर सभा स्थापन झाली, आणि १९५० च्या ऑगस्टात मुंबईच्या दोन लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी समाजवाद्यांच्या नेतृत्वाखाली त्रेसष्ट दिवसांचा संप केला. त्या संपात गिरण्यांकडे पाठ फिरवून कामगार कोकणातल्या व घाटावरच्या आपापल्या गावी परतत, तेव्हा त्यांतले काही या कल्याण-कसारा मार्गाच्या गाड्यांतूनच जात. मास्तर त्यांना स्टेशनवर भेटून बातमी विचारत आणि रात्री ओटीवर ती सांगत.

अशा तयारीने पक्ष १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उतरला. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याच्या पक्षाचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आपली मतपत्रिका पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत टाकावी, एवढीच रीत होती. ज्या देशात बहुसंख्य माणसांना अक्षरओळख नव्हती, त्या देशात चिन्ह हेच पक्षाचे नाव, चिन्ह हीच घटना आणि चिन्ह हाच जाहीरनामा. समाजवाद्यांचे चिन्ह होते वटवृक्ष. गेरू आणि चुना घेऊन गावोगावच्या कुडाच्या भिंतींवर तो वड काढत हिंडलेले हात मी पाहिले आहेत. वडाच्या पारंब्या काढायला वेळ लागतो, त्यामुळे एका रात्रीत दोन भिंतींहून अधिक होत नसत, असे मास्तर सांगत.

निकाल लागला तेव्हा लोकसभेत पक्षाला शंभरात साडेदहाहून अधिक मते पडली होती; पण जागा मिळाल्या होत्या फक्त १२. मुंबई राज्याच्या ३१५ जागांच्या विधानसभेत तर अवघ्या ९ आल्या. मुंबईत अशोक मेहता पडले आणि त्यांच्याबरोबर युतीत उभे असलेले डॉ. आंबेडकरही पडले. स्वातंत्र्याच्या लढ्यात ज्यांच्या मागे लाखो लोक उभे राहिले, त्यांना स्वतंत्र देशाच्या मतपेटीने असा जबाब द्यावा, हा घाव खोल होता. आणि माझे मत असे आहे की, या पक्षाच्या पुढच्या पंचवीस वर्षांतले प्रत्येक विलीनीकरण या एका घावाच्या वेदनेतून जन्मले. पराभव पचवून आपल्या शाखांकडे परतावे आणि पाच-दहा वर्षे मुकाट्याने मशागत करावी, हा एक मार्ग होता. दुसऱ्या कोणाशी एक होऊन ताबडतोब मोठे व्हावे, हा दुसरा. नेत्यांनी दुसरा मार्ग धरला.

आचार्य कृपलानी यांनी १९५१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेल्या किसान मजदूर प्रजा पक्षाला लोकसभेत ९ जागा मिळाल्या होत्या. सप्टेंबर १९५२ मध्ये मुंबईस हे दोन पक्ष एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष अस्तित्वात आला. अध्यक्ष कृपलानी, सरचिटणीस अशोक मेहता. कृपलानी गांधीवादी होते, वर्गसंघर्ष या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता; समाजवाद्यांची तर अवघी उभारणी त्या शब्दावर झालेली. परंतु दोघांच्याही मतांची बेरीज केली म्हणजे काँग्रेसच्या खालोखाल मोठा आकडा दिसतो, या बेरजेने हा मतभेद झाकला गेला. नव्या पक्षाने चिन्ह घेतले ते प्रजा पक्षाचे, झोपडी. ज्या भिंतीवर वड काढला होता, तिच्यावर चुना मारून पुढच्या निवडणुकीला झोपडी काढावी लागली. मास्तरांची दुसरी पावती या वर्षानंतरची आहे.

बेरजेतला मतभेद फार दिवस झाकला राहिला नाही. जून १९५३ मध्ये बैतूल येथील परिषदेत अशोक मेहतांनी असा विचार मांडला की, मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सत्ताधाऱ्यांशी सहकार्याची क्षेत्रे शोधावीत. पक्षातलेच दुसरे नेते डॉ. राममनोहर लोहिया यांना हा विचार आत्मनाशाचा वाटला. पुढच्या वर्षी त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिल्ले यांचे प्रजा समाजवादी मंत्रिमंडळ असताना पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली, आणि पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी नैनीच्या तुरुंगातून तार करून आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. समाजवादी सरकार निःशस्त्र जमावावर गोळी चालवणार नाही, हे वचन आपण लोकांना दिले आहे की नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर नोव्हेंबर १९५४ च्या नागपूर अधिवेशनानेही समाधानकारक दिले नाही. १९५५ मध्ये मुंबईत लोहियांच्या बाजूचे मधु लिमये यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस हैदराबादेस लोहियांच्या नेतृत्वाखाली वेगळा समाजवादी पक्ष निघाला. एका विलीनीकरणाला पुरी चार वर्षेही झाली नव्हती.

येथे मला आपल्या राज्याच्या इतिहासातील एका वेगळ्या प्रयोगाकडे आपले लक्ष वेधायचे आहे, कारण तो याच काळात घडला आणि त्यात हीच माणसे होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस. तिच्यात प्रजा समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. ही मंडळी एकमेकांशी तत्त्वावरून किती भांडत असत, हे त्या वेळची वृत्तपत्रे चाळणाऱ्याला ठाऊक आहे. पण समितीने कोणालाही आपला पक्ष मोडून ये असे सांगितले नाही. प्रत्येकाने आपले दप्तर, आपली वर्गणी, आपला झेंडा आपल्या घरी ठेवला आणि एका कार्यासाठी अंगणात एकत्र येऊन काम केले. शंभरावर हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. कार्य संपले तशी समितीही विरली, आणि जो तो आपल्या घरी गेला. घर शाबूत होते म्हणून जाता आले.

परंतु या अनुभवातून पक्षाने जो धडा घ्यावयाचा तो घेतला नाही. १९६२ च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाला लोकसभेच्या १२ आणि लोहियांच्या समाजवादी पक्षाला ६ जागा मिळाल्या, अशोक मेहता काँग्रेसच्या वाटेला लागले, आणि पुन्हा बेरजेचा विचार सुरू झाला. जून १९६४ मध्ये हे दोन्ही पक्ष एक होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला आणि एस. एम. जोशी त्याचे अध्यक्ष झाले. सात महिन्यांनी, जानेवारी १९६५ मध्ये, वाराणसीच्या अधिवेशनात तो फुटला आणि प्रजा समाजवादी पक्ष पुन्हा वेगळा उभा राहिला.

या फुटीतली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट महाराष्ट्राच्या वाट्याला आली. एस. एम. आणि नानासाहेब गोरे ही पुण्याची जोडी नाशिकच्या तुरुंगापासून एकत्र होती. १९५५ च्या मे महिन्यात गोव्याच्या सत्याग्रहात नानासाहेबांनी पोर्तुगीजांचा मार खाल्ला आणि तुरुंगवास भोगला, तेव्हा त्या लढ्यामागे उभ्या राहिलेल्यांत एस. एम. होते. अशा दोन माणसांपैकी एकजण संयुक्त समाजवादी पक्षात राहिले आणि दुसरे प्रजा समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. पुण्यात ते एकाच शहरात राहत होते, एकमेकांविषयीचा त्यांचा जिव्हाळा कमी झाला नव्हता. पण गावोगावच्या कार्यकर्त्याला मात्र ठरवावे लागले की आपण एस. एम. यांचे की नानासाहेबांचे. मास्तरांनी एस. एम. यांच्याबरोबर राहणे पसंत केले, म्हणून त्यांची तिसरी पावती संयुक्त समाजवादी पक्षाची आहे. पण त्याच पावतीला टोचलेला एक कागद असा आहे की ज्यावर त्यांनी दोघांचीही नावे लिहून मधे फक्त एक आडवी रेघ ओढली आहे आणि पुढे काही लिहिलेले नाही. त्या रेघेकडे मी पुष्कळ वेळ पाहत बसलो.

१९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाचे २३ आणि प्रजा समाजवाद्यांचे १३ खासदार निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लोहिया गेले. १९७१ च्या इंदिरा गांधींच्या लाटेत हे आकडे अनुक्रमे ३ आणि २ वर आले. त्या दोनांतील एक आमच्या कोकणातले, राजापूरचे मधु दंडवते. नाथ पै यांच्या अकाली निधनाने रिकामी झालेली जागा त्यांनी राखली. ऑगस्ट १९७१ मध्ये दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र येऊन समाजवादी पक्ष झाला. चौथी पावती ती. एस. एम. आणि नानासाहेब सहा वर्षांनी पुन्हा एका पक्षात आले, आणि या विलीनीकरणाविषयी मी एक शब्दही वाईट बोलणार नाही. कारण ते बेरजेसाठी झाले नव्हते, घरातली भिंत पाडण्यासाठी झाले होते.

आता पाचवी पावती. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणाल गोरे, मधु लिमये, मधु दंडवते यांसारखे पक्षाचे नेते आणि शेकडो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. तुरुंगांच्या बराकींत समाजवादी आणि जनसंघाची माणसे महिनोन्‌महिने शेजारी शेजारी राहिली, एकत्र जेवली, एकमेकांच्या आजारपणात जागली. त्या सहवासाचे मोल मी कमी लेखत नाही. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकांची घोषणा झाली आणि २३ जानेवारीस जनता पक्षाची घोषणा झाली. मधले दिवस मोजा : पाच. काँग्रेस (संघटना), जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष ही चार घराणी पाच दिवसांत एक झाली. लढले ते लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर. १ मे १९७७ रोजी समाजवादी पक्ष रीतसर विसर्जित होऊन जनता पक्षात विलीन झाला. सतरा वर्षांपूर्वी ज्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्य सफल झाले, तीच ती तारीख.

हुकूमशाहीशी झुंज होती आणि ती झुंज एकत्र द्यावी लागणार होती, याविषयी माझ्या मनात लवमात्र संदेह नाही. या एकजुटीने देशाला जे मिळाले त्याचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, आणि खडवलीसारख्या रेल्वेच्या गावात तर तो मांडलाच पाहिजे. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत या जिल्ह्यातली, कल्याणच्या रेल्वे वसाहतीतली माणसे होती. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या संपातल्या बडतर्फ कर्मचाऱ्यांना कामावर परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बाकांवर गादी घातली गेली ती त्यांच्याच काळात, आणि डिसेंबर १९७७ मध्ये मुंबईहून हावड्याला वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली. रात्रभर फळीवर पाठ टेकून प्रवास केलेल्या माणसाला त्या दोन इंच गादीत समाजवाद पहिल्यांदा अंगाला लागला असेल, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि ज्या ठाणे मतदारसंघात समाजवाद्यांनी तीस वर्षे काम केले, तेथे १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे निवडून आले ते जनसंघाच्या परंपरेतले रामभाऊ म्हाळगी. म्हाळगी साधे, अभ्यासू आणि सचोटीचे लोकप्रतिनिधी होते. हा आक्षेप त्यांच्यावर नाही. पण वडाच्या आणि झोपडीच्या पेटीत मत टाकत आलेल्या माणसाला आता चक्रातल्या शेतकऱ्यावर शिक्का मारायचा होता, आणि त्या चिन्हाच्या आत आपला विचार कोठे बसला आहे, हे त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते. दोन वर्षांत जनसंघाच्या माणसांच्या, पक्ष आणि संघ अशा दुहेरी निष्ठेच्या प्रश्नावर पक्ष दुभंगला, जुलै १९७९ मध्ये सरकार गेले, समाजवादी मंडळी पुन्हा दोन दिशांना पांगली : एस. एम., नानासाहेब व दंडवते जनता पक्षातच राहिले, मधु लिमये वेगळ्या वाटेने गेले. १९८० मध्ये जनसंघाची माणसे बाहेर पडून त्यांनी भारतीय जनता पक्ष काढला. त्यांच्यापाशी परत जाण्यासाठी आपली संघटना होती. समाजवाद्यांपाशी पक्ष म्हणून घर उरले नव्हते. ते त्यांनी १ मे १९७७ रोजी स्वतःच्या हाताने मोडले होते.

श्रोतेहो, आपण शेतीच्या गावात बसलो आहोत, म्हणून मला जे सुचते ते जमिनीच्याच भाषेत सांगतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने पुढे आपल्याकडे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्या कामात कितीही उणिवा राहिल्या असोत, पण रीत अशी होती की योजना चावडीवर लावायची, ज्याच्या खाचराला किंवा वरकस जमिनीला धक्का लागतो त्याला हरकत घेण्यास मुदत द्यायची, हरकत ऐकून घ्यायची आणि मगच नोंद कायम करायची. आजही एका गुंठ्याचा फेरफार करायचा झाला तर हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते आणि पंधरा दिवस थांबावे लागते. जमिनीच्या तुकड्याला जो न्याय आपण देतो, तो माणसांच्या श्रद्धेला द्यावयास नको काय? अधिवेशने भरली, ठराव झाले, हात वर झाले, हे खरे. परंतु ज्या शाखेच्या घामावर ते ठराव उभे होते, तिच्या दारावर हरकतीची नोटीस लागली नाही. १९५२ मध्ये लागली नाही, १९६४ मध्ये लागली नाही, आणि १९७७ मध्ये तर पाच दिवसांत ती लागणे शक्यच नव्हते. निवडणूक एकत्र लढायला पाच दिवस पुरे होते. पक्ष विसर्जित करायला ते पुरेसे नव्हते. ती दोन कामे वेगळी होती, आणि समितीच्या अनुभवाने ती वेगळी ठेवण्याची रीत आपल्याला एकवीस वर्षे आधीच शिकवली होती.

विलीनीकरण मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. लहान पक्षाने कायम लहान राहावे, आपल्याच तत्त्वाची ओटी झाडत बसावे, असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पक्ष हा त्याच्या नेत्यांच्या मालकीचा सातबारा नव्हे; त्यावर कुळांची नावे असतात. लोहियांनी कार्यकर्त्यासाठी फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन कामे सांगितली होती. मतपेटीची बेरीज दिल्लीत होऊ शकते. फावड्याची बेरीज गावातच व्हावी लागते. दोन पक्षांच्या शाखा एका विहिरीवर, एका मोर्चात, एका रात्रशाळेत आधी वर्षभर एकत्र राबल्या, आणि मग त्यांनीच खालून वर कळवले की आता आपण एक झालो आहोत, तर त्या विलीनीकरणाला फूट सहसा शिवणार नाही. १९७१ चे एकत्रीकरण थोड्याफार प्रमाणात असे होते, म्हणूनच त्याने जुन्या जखमा भरल्या.

आणि जे विलीन झाले नाही त्याच्याकडे पाहा. राष्ट्र सेवा दल कोणत्याही पक्षात विलीन झाले नाही. ते आजही मुलांना एका रांगेत उभे करते. ‘साधना’ विलीन झाली नाही; आणीबाणीतही ती झुकली नाही आणि आजही निघते. ज्या संस्थांनी आपले दप्तर आपल्यापाशी ठेवले, त्या पक्षाच्या मरणातून वाचल्या. पुढे २०११ मध्ये काही जुन्या समाजवाद्यांनी पुन्हा समाजवादी पक्ष उभारला आणि भाई वैद्य यांनी वार्धक्यात त्याचे अध्यक्षपद स्वीकारले, तेव्हा त्यांना पहिले कार्यकर्ते मिळाले ते बव्हंशी याच संस्थांच्या अंगणातून.

आता त्या पेटीतली राहिलेली वस्तू. जनता पक्षाने सभासद नोंदवण्यासाठी दिलेले एक पावतीपुस्तक मास्तरांच्या पेटीत होते. त्यातल्या पहिल्या काही पावत्या फाटलेल्या होत्या, त्यांच्या स्थळप्रती नावांनिशी जागेवर होत्या. पुढच्या सगळ्या कोऱ्या. पण त्या कोऱ्या पावत्यांच्या पाठी कोऱ्या नव्हत्या. तेथे, त्याच जांभळ्या पेन्सिलीने, पुस्तक नेणाऱ्याचे नाव, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख अशा चार रकान्यांत या गावच्या वाचकांची नोंद होती. स्टेशनवरच्या हमालाचे नाव त्यात आहे, वीटभट्टीवरच्या दोन मजुरांची आहेत, आणि आठवीतल्या एका मुलीने एका पावसाळ्यात अकरा पुस्तके नेऊन अकराही परत केल्याची नोंद आहे. ज्या पुस्तकात नोंदवायला सभासद मिळेनासे झाले, त्याच पुस्तकाच्या पाठीवर मास्तरांनी वाचक नोंदवले. आपण आज ज्या ग्रंथालयाच्या आवारात बसलो आहोत, त्याचे पहिले दप्तर ते.

ते पावतीपुस्तक आणि त्या पाच पावत्या मी आज ग्रंथालयाच्या स्वाधीन करत आहे. त्या काचेच्या कपाटात ठेवल्या तर हरकत नाही. पण माझी विनंती अशी आहे की, पुस्तक नेणाऱ्यांची नोंद ज्या रकान्यांत मास्तर करत, त्याच चार रकान्यांत ती पुढेही होत राहावी.